कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजमधून कॉम्प्युटर सपोर्ट शिकायचं तर: व्हिसापासून पहिल्या नोकरीपर्यंत

फ्रीमाँट, सनीव्हेल, सॅन रामोन या भागातल्या मराठी घरांमध्ये एक प्रश्न नेहमी निघतो. बीकॉम किंवा बीएस्सी झालंय, भारतात चार वर्षं बँकेत नाहीतर शाळेत नोकरी केली, मग जोडीदाराच्या एच-१बीमुळे इकडे येणं झालं, मुलं झाली. आता हातात ईएडी (काम करण्याचा परवाना) किंवा ग्रीन कार्ड आहे, तर आयटीत शिरायचं कुठून? त्यावर कुणीतरी लगेच एखादा 'जॉब गॅरंटी' कोर्स सुचवतं. त्यातल्या काही ठिकाणी रेझ्युमेत न केलेला अनुभवही घालून मिळतो. त्या वाटेला अजिबात जाऊ नका. खोटा अनुभव उघडा पडला तर नोकरी जाते आणि इमिग्रेशनच्या कागदांवरही त्याची सावली पडू शकते.

घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजमधून कॉम्प्युटर सपोर्ट शिकणं ही यापेक्षा सावकाश, पण सरळ वाट आहे. काम असं: ऑफिसातल्या, शाळेतल्या, हॉस्पिटलातल्या माणसाचं मशीन, अकाउंट, प्रिंटर किंवा नेटवर्क अडलं की ते सोडवायचं आणि काय केलं ते लिहून ठेवायचं. अमेरिकेच्या कामगार आकडेवारी खात्यानुसार मे २०२४ मध्ये कॉम्प्युटर यूजर सपोर्ट स्पेशालिस्टचा मध्यम वार्षिक पगार ६०,३४० डॉलर होता. त्याच खात्याचा दुसरा अंदाजही वाचून ठेवा: २०२४ ते २०३४ या काळात सपोर्टच्या एकूण नोकऱ्या ३ टक्क्यांनी कमी होतील. पासवर्ड रिसेटसारखी कामं आता यंत्रंच करतात. जुनी माणसं जागा सोडतात म्हणून भरती चालू राहते, पण फक्त पासवर्ड बदलता येणाऱ्याला पुढे भाव नाही. म्हणून या लेखात जागोजागी 'त्याच्या पुढचं' शिकण्याबद्दल बोललो आहे.

पहिलं काम: आपण काय करू शकतो ते बघा

एच-४वर, म्हणजे एच-१बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, असाल तर शिकायला आडकाठी नाही. एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घ्यायची गरज नाही, एक विषय घ्या किंवा पूर्णवेळ शिका. अडचण कमाईची आहे. ईएडीशिवाय पगाराचं काम चालत नाही, आणि कॉलेजच्या लॅबमधली तासाची विद्यार्थी-नोकरीसुद्धा त्यातच येते. एच-४ ईएडीचा नियम मे २०१५ पासून लागू आहे. ढोबळमानाने, जोडीदाराचा आय-१४० (ग्रीन कार्डाच्या वाटेवरचा अर्ज) मंजूर असेल किंवा त्याच्या एच-१बीला सहा वर्षांपलीकडची मुदतवाढ मिळालेली असेल, तर तुम्ही पात्र ठरता. ३० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या नूतनीकरणाच्या अर्जांना पूर्वीसारखी आपोआप मुदतवाढ मिळत नाही. तेव्हा कार्ड संपण्याच्या १८० दिवस आधी अर्जाची खिडकी उघडते, त्या तारखेची आठवण फोनमध्ये लावून ठेवा.

'पैसे नको, नुसता अनुभव द्या' हा तोडगा वाटतो तितका सोपा नाही. ज्या कामाचे इतरांना पैसे मिळतात तेच तुम्ही फुकट केलंत तर त्याला स्वयंसेवा म्हणता येत नाही. शंका असेल तर वकिलाला विचारा, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला नाही.

एफ-१वर आलेल्यांचं गणित वेगळं आहे: दर सत्रात किमान १२ युनिट (युनिट म्हणजे विषय किती मोठा ते मोजण्याचं माप) आणि परदेशी विद्यार्थ्यांची फी. फक्त हा कोर्स करण्यासाठी भारतातून एफ-१वर येण्याचा सल्ला मी कुणालाही देणार नाही. खर्च आणि मिळकत यांचा मेळ बसत नाही.

फी कशी ठरते

कॅलिफोर्नियात ११६ कम्युनिटी कॉलेजं आहेत आणि रहिवाशांना फी सगळीकडे सारखी: युनिटमागे ४६ डॉलर. डी अँझा आणि फूटहिल ही कॉलेजं क्वार्टरवर, म्हणजे छोट्या सत्रांवर, चालतात म्हणून तिथे आकडा ३१ दिसतो, पण तिथलं युनिटही त्याच प्रमाणात लहान असतं. म्हणजे तीन युनिटांचा एक विषय १३८ डॉलरला आणि अठरा युनिटांचं सर्टिफिकेट ८२८ डॉलरला पडतं. वर आरोग्य फी, पार्किंग आणि पुस्तकं. वेळापत्रकात 'झिरो टेक्स्टबुक कॉस्ट' अशी खूण असलेले वर्ग शोधलेत तर पुस्तकांचा खर्चही वाचतो.

रहिवासी नसलात तर मात्र युनिटमागे शेकडो डॉलर मोजावे लागतात. म्हणून ही पायरी नीट समजून घ्या. सत्र सुरू होण्याच्या आदल्या दिवशी तुम्हाला कॅलिफोर्नियात राहून एक वर्ष आणि एक दिवस झालेला असायला हवा, आणि इथेच राहण्याचा इरादा कागदांवर दिसायला हवा: राज्याचा कर भरल्याचा पुरावा, ड्रायव्हिंग लायसन्स, घरभाड्याचा करार, बँकेची पत्रं. एच-४ हा रहिवासी ठरू शकणाऱ्या व्हिसांपैकी आहे, एफ-१ नाही. घरातली सगळी बिलं जोडीदाराच्या नावावर असणं ही आपल्याकडची नेहमीची अडचण. वर्षभर आधीच एखादं बिल आणि संयुक्त बँक खातं आपल्याही नावावर करून घ्या. अर्ज भरताना व्यवस्थेने तुम्हाला 'नॉन-रेसिडेंट' ठरवलं तर घाबरू नका. अ‍ॅडमिशन ऑफिसात कागद घेऊन गेलं की पुन्हा तपासणी होते.

ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तर फाफ्सा हा केंद्र सरकारच्या मदतीचा अर्ज जरूर भरा. एच-४वाल्यांना, ईएडी असला तरी, ती मदत मिळत नाही.

कुठलं कॉलेज, किती मोठा कोर्स

फी राज्यभर सारखी आहे, मग फक्त घराजवळचं म्हणून कॉलेज निवडू नका. फ्रीमाँट-न्यूअर्कचं ओलोनी, सँटा क्लाराचं मिशन, हेवर्डचं शाबो, लिव्हरमोरचं लास पोसितास, सॅन रामोनला वर्ग भरवणारं डायब्लो व्हॅली, यांचे कॅटलॉग शेजारी-शेजारी उघडून बघा. अभ्यासक्रमाचं नाव प्रत्येक ठिकाणी वेगळं निघेल: कुठे आयटी टेक्निशियन, कुठे टेक्निकल सपोर्ट, कुठे नेटवर्किंगच्या पोटात दडलेलं. नाव सोडा, विषय बघा. हार्डवेअर आणि ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्किंगची तोंडओळख, विंडोज सर्व्हर, सुरक्षेची मूलतत्त्वं आणि ग्राहकाशी बोलण्याचा किंवा हेल्पडेस्कचा एक विषय, एवढे पाच असतील तर कोर्स चांगला. विंडोज सर्व्हर नसेल तर तो विषय दुसऱ्या कॉलेजातून ऑनलाइन घेता येतो.

हार्डवेअरचा वर्ग मात्र प्रत्यक्ष लॅबमध्येच घ्या. रॅम पूर्ण बसली की 'टक्' आवाज येतो, तो व्हिडिओ बघून बोटांना कळत नाही.

आता डिग्री की सर्टिफिकेट? असोसिएट डिग्री म्हणजे ६० युनिट, त्यातला मोठा भाग इंग्रजी, गणित, समाजशास्त्र असा. पुणे किंवा मुंबई विद्यापीठाची पदवी आधीच असेल तर तो भाग पुन्हा कशाला? सर्टिफिकेट करा आणि वाचलेला वेळ सरावाला द्या. बारावीनंतर शिक्षण सुटलं असेल तर डिग्रीचा विचार जरूर करा, कारण सरकारी आणि शाळांच्या नोकऱ्यांत ती उपयोगी पडते. प्रवेशाला वयाची १८ वर्षं पूर्ण असली की पुरे. भारतातल्या गुणपत्रिकांचं महागडं मूल्यमापन आधीच करून आणू नका. काउन्सेलरने मागितलं तरच करा.

इंग्रजी बोलण्याची धास्ती असेल तर याच कॉलेजांत किंवा अ‍ॅडल्ट स्कूलमध्ये इंग्रजीचे वर्ग असतात. कॉलेजच्या नॉनक्रेडिट वर्गांना फीही नसते. एखादं सत्र तिथे काढणं वाया जात नाही.

अर्ज आणि नोंदणी

१. सीसीसीअप्लाय या राज्याच्या साइटवर अर्ज फुकट भरता येतो. पैसे मागणारी साइट दिसली तर ती बनावट समजा. नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहा. पासपोर्टवर माहेरचं नाव आणि लायसन्सवर सासरचं असेल तर ते आधी जुळवून घ्या, नाहीतर ट्रान्सक्रिप्ट (कॉलेजचं अधिकृत गुणपत्रक) आणि परीक्षेच्या ओळखपत्रापर्यंत तो घोळ पाठ सोडत नाही. सोशल सिक्युरिटी नंबर नसला तरी अर्ज अडत नाही.

२. ओळख पटवायला सांगितलं तर टाळू नका. आर्थिक मदत लाटण्यासाठी खोटे विद्यार्थी ऑनलाइन वर्गांत नावं घालतात, त्याचा हा बंदोबस्त आहे. त्यामुळेच ऑनलाइन वर्गाच्या पहिल्याच दिवशी लॉगिन करून पहिलं छोटं काम जमा करा. पहिल्या आठवड्यात ज्याची हालचाल दिसत नाही त्याचं नाव प्राध्यापक सरळ काढून टाकतात.

३. काउन्सेलरची वेळ घेऊन लेखी एज्युकेशन प्लॅन बनवून घ्या. तो असेल तर नोंदणीची तारीख सहसा लवकरची मिळते. 'हा विषय पुढच्या वर्षी कोणत्या सत्रात असतो?' हे विचारायचंच. काही विषय वर्षातून एकदाच असतात आणि तो एक चुकला की सर्टिफिकेट वर्षभर लांबतं.

४. वर्ग भरला असेल तर वेटलिस्टवर नाव घाला आणि पहिल्या तासाला हजर राहा. पहिल्या आठवड्यात बऱ्याच जागा रिकाम्या होतात.

५. वर्ग सोडण्याच्या तीन तारखा लिहून ठेवा: फी परत मिळण्याची शेवटची, ट्रान्सक्रिप्टवर डाग न पडता सोडण्याची शेवटची, आणि 'डब्ल्यू' (विषय मध्येच सोडला असा) शेरा घेऊन सोडण्याची शेवटची. या तिन्ही वेगवेगळ्या असतात.

किती विषय घ्यायचे? राज्याच्या नियमाने एका युनिटामागे किमान ४८ तासांचा अभ्यास धरलेला असतो. तीन युनिटांचा विषय म्हणजे १४४ तास, सोळा आठवड्यांत आठवड्याला नऊ तास. घरात लहान मूल असेल तर पहिल्या सत्रात एकच विषय, फार तर दोन. उत्साहाने चार घेऊन ऑक्टोबरात, ऐन दिवाळीच्या धामधुमीत मिडटर्म अंगावर घेणारे दरवर्षी दिसतात.

वर्गात खरोखर काय शिकायचं

पोर्टांची नावं, केबलींचे प्रकार, वायफायची मानकं हे सगळं पाठ होतं. कठीण आहे ते पद्धतशीर शोधणं, आणि नोकरी त्यावर टिकते. ए प्लस ही सपोर्टची सुरुवातीची प्रमाणपत्र-परीक्षा घेणारी कॉम्पटिया ही संस्था सहा पायऱ्या शिकवते: अडचण नेमकी ओळखा, कारणाचा अंदाज बांधा, अंदाज तपासा, उपाय ठरवून करा, सगळं पूर्ववत चालतंय याची खात्री करा, आणि लिहून ठेवा. वाचताना यात काय एवढं असं वाटतं. फोनवर वैतागलेला माणूस असला की पहिलीच पायरी गळते आणि हात थेट चौथीवर जातो.

एक साधी तक्रार घेऊ: 'इंटरनेट बंद आहे.' लगेच राउटर बंद-चालू करायला सांगू नका. विचारा: कधीपासून? शेजारच्या टेबलावर चालू आहे का? सगळ्याच साइट बंद आहेत की एकच? स्क्रीनवर आलेला मेसेज जसाच्या तसा वाचून दाखवाल का? आणि सगळ्यांत कामाचा प्रश्न: शेवटचं चाललं तेव्हापासून काय बदललं? समजा उत्तर आलं, 'काल टेबल खिडकीपाशी हलवलं.' शेजारचं चालू आहे, म्हणजे अडचण या एका मशीनपुरती. आता आयपीकॉन्फिग ही कमांड चालवली आणि मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता १६९.२५४ने सुरू होताना दिसला. याचा अर्थ, नेटवर्कवर पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरपर्यंत मशीन पोचलंच नाही आणि विंडोजने स्वतःच एक पत्ता लावून घेतला. मग अंदाज असा की केबल सैल आहे किंवा खिडकीजवळच्या भिंतीतला पोर्ट मृत आहे. केबल दुसऱ्या पोर्टात लावली, दिवा लागला, नेहमीचा पत्ता आला. इथे 'झालं!' म्हणून फोन ठेवायचा नाही. शेअर्ड फोल्डर उघडतंय का, प्रिंट जातेय का, हे त्या माणसाकडूनच करून घ्यायचं. मग तिकिटात, म्हणजे तक्रारीच्या नोंदीत, लिहायचं: टेबल हलवल्यानंतर नेट बंद, पत्ता १६९.२५४, खिडकीजवळचा पोर्ट मृत, शेजारच्या पोर्टात जोडून चालू, फोल्डर आणि प्रिंट तपासले, मृत पोर्ट नेटवर्क विभागाकडे कळवला. पुढच्या आठवड्यात तिथे दुसरं कुणी बसलं तर ही नोंद वाचून त्याचा अर्धा तास वाचेल.

यातले दोन नियम कधी सोडू नका. एका वेळी एकच बदल करायचा; तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने चाललं ते कळत नाही. आणि माणसाच्या सांगण्याचा मान ठेवून मशीनलाही विचारायचं. 'रीस्टार्ट केलं' म्हणणाऱ्याच्या टास्क मॅनेजरमध्ये अपटाइम (सिस्टिम सलग किती वेळ चालू आहे तो आकडा) अकरा दिवसांचा दिसतो. तो खोटं बोलत नसतो. त्याने 'शट डाउन' करून पुन्हा चालू केलेलं असतं, आणि विंडोजमधल्या फास्ट स्टार्टअपमुळे शट डाउनने सिस्टिम पूर्णपणे नव्याने सुरू होत नाही. 'रीस्टार्ट'ने होते.

सराव घरचाच आहे. सांगली-साताऱ्याला आईबाबांच्या फोनवर काही अडलं की 'ते निळं बटण दाब' एवढंच सांगू नका. समोर काय दिसतंय ते त्यांच्याकडून वाचून घ्या, एक सूचना द्या, थांबा, काय झालं ते विचारा. न दिसणाऱ्या स्क्रीनवर काम करण्याची सवय अशीच लागते. इथल्या फोनवर मात्र 'डबल थ्री' म्हणू नका, 'थ्री थ्री' म्हणा. झेडला झी म्हणा, आणि अक्षरं सांगताना 'बी फॉर बॉम्बे'ऐवजी ब्राव्हो, चार्ली, डेल्टा ही मालिका पाठ करा.

सुरक्षेचा विषय दुय्यम समजू नका. ओकलंडच्या क्लोरॉक्स कंपनीने जुलै २०२५ मध्ये कॉग्निझंटवर दावा लावला. हेल्पडेस्कला फोन करणाऱ्या हल्लेखोराला ओळख न तपासता पासवर्ड बदलून दिले आणि त्यातून २०२३चा मोठा सायबर हल्ला झाला, असा आरोप आहे. कॉग्निझंटला तो मान्य नाही. निकाल काहीही लागो, तुमच्यापुरता धडा स्पष्ट आहे: समोरचा कितीही घाईत असो, स्वतःला मोठा साहेब म्हणवत असो, ठरलेली पडताळणी पूर्ण झाल्याशिवाय पासवर्डला हात लावायचा नाही. मोठ्या माणसाला 'नाही' म्हणणं आपल्याला जड जातं, म्हणून ते वाक्य इंग्रजीत आधीच घोटून ठेवा.

वर्गातल्या पद्धतीबद्दल थोडं. प्राध्यापकांना पहिल्या नावाने हाक मारतात, ते खटकलं तरी चालवून घ्या. ऑफिस अवर्सना जाणं म्हणजे आपण कच्चे आहोत असं नव्हे. ओळख तिथेच होते, आणि लॅबमधल्या नोकरीसाठी नाव तिथूनच सुचवलं जातं. मैत्रिणीचा गृहपाठ थोडा बदलून देणं इथे गंभीर गुन्हा आहे.

घरची लॅब

ऑफिसातून निघालेला जुना डेल ऑप्टिप्लेक्स किंवा तत्सम डेस्कटॉप घ्या, १६ जीबी रॅमचा. अ‍ॅपलच्या एम चिपचा मॅक यासाठी सोयीचा नाही, विंडोज सर्व्हर त्यावर सरळ चालत नाही. त्या डेस्कटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स (एका मशीनमध्ये दुसरी आभासी मशीनं चालवणारा प्रोग्राम) टाका आणि मायक्रोसॉफ्टची विंडोज सर्व्हरची १८० दिवसांची चाचणी आवृत्ती उतरवा, दोन्ही फुकट. मग एक छोटं काल्पनिक ऑफिस उभं करा: अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत (ऑफिसातली अकाउंट आणि परवानग्या सांभाळणाऱ्या विंडोजच्या यादीत) पाच-सहा कर्मचारी, अकाउंट्स आणि एचआर असे दोन गट, प्रत्येक गटाला आपापलंच फोल्डर दिसेल अशी परवानगी. मुद्दाम चुकीचे पासवर्ड टाकून एक अकाउंट लॉक करा आणि सोडवा. डीएनएसचा (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा) पत्ता चुकीचा घालून बघा काय-काय बंद पडतं. ओएसतिकीट ही तक्रारी नोंदवण्याची मुक्त प्रणाली बसवून प्रत्येक बिघाडाचं तिकीट लिहा. मुलाखतीत 'अनुभव?' असं विचारतील तेव्हा याबद्दल खरं आणि तपशिलाने बोलता येतं.

ए प्लस

यात दोन परीक्षा असतात. मार्च २०२५ पासून २२०-१२०१ आणि २२०-१२०२ या आवृत्त्या आल्या, आधीच्या त्याच वर्षी सप्टेंबरात बंद झाल्या. जुनी पुस्तकं स्वस्तात मिळतात, ती याच कारणाने. प्रत्येक परीक्षा ९० मिनिटांची, जास्तीत जास्त ९० प्रश्न, ९०० पैकी पहिलीला ६७५ आणि दुसरीला ७०० लागतात. प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं. पूर्ण किमतीत व्हाउचर (परीक्षेच्या फीचं कूपन) घेण्याआधी कॉलेजात विचारा, विद्यार्थ्यांना सवलत असते. हार्डवेअरचा वर्ग संपल्यावर महिन्याभरात पहिली परीक्षा द्या. सगळं सर्टिफिकेट झाल्यावर देऊ म्हणणाऱ्यांची बहुतेक राहूनच जाते.

नोकरी

रेझ्युमे एका पानाचा. फोटो, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती काहीच नको, हा बायोडेटा नव्हे. मधली वर्षं लपवू नका. 'कुटुंबासाठी विराम' एवढी ओळ पुरते. बँकेत किंवा शाळेत केलेलं काम वर आणा, कारण काउंटरवर चिडलेल्या माणसाला सांभाळलेला उमेदवार सपोर्टला हवाच असतो.

पहिल्या नोकरीसाठी मोठ्या टेक कंपन्यांच्या मागे लागू नका. शाळा जिल्ह्यांच्या जागा एडजॉइन या साइटवर येतात, काउंटी आणि शहरांच्या गव्हर्नमेंटजॉब्स या साइटवर. भरती संथ असते, पण वेळा ठरलेल्या आणि लाभ चांगले. छोट्या कंपन्यांचं आयटी सांभाळणाऱ्या एमएसपी कंपन्यांत दमछाक होते, तरी वर्षभरात शिकायला तिथेच सर्वाधिक मिळतं. मुलं लहान असतील तर शाळा जिल्हा, नसतील तर एमएसपी, असं माझं मत.

मुलाखतीत 'प्रिंटर चालत नाही, काय कराल?' हा प्रश्न हमखास येतो. त्यावर उपाय सांगत सुटू नका, उलट प्रश्न विचारायला लागा. त्यांना तेच बघायचं असतं.

आणि शेवटचं सत्र सुरू झालं की सर्टिफिकेटसाठी वेगळा अर्ज करा. बऱ्याच कॉलेजांत विषय पूर्ण झाले तरी ते आपोआप मिळत नाही, अर्जाची तारीखही सत्राच्या मध्यावरच उलटून जाते. सोबत प्रत्येक विषयाचा सिलॅबस उतरवून ठेवा. पुढे कधी चार वर्षांच्या डिग्रीकडे वळलात तर युनिट मोजून घेताना तोच मागतात.